स्टेपनीवाचून प्रवास

आम्ही बाजव्यास धान्याचा घाऊक व्यापार करीत आलो. आमचे वडील बैलगाडीच्या आसाला वंगण आहे की नाही, हे स्वतः पाहिल्यावाचून गाडी जुंपू देत नसत. आम्ही मात्र गतवर्षी नवी मोटार घेतली आणि डिकीचा तळ उचलूनही पाहिला नाही. त्या चुकीची हकीकत सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावी, एवढ्याचकरिता येथे सादर करीत आहोत.

आणंदहून परतताना आमच्या वडील भगिनी सोबत होत्या. त्यांचा चौविहार असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून भोजन उरकावयाचे ठरले होते. वासदजवळ महीचा पूल ओलांडला आणि मागचे डावे चाक बसले. डिकी उघडली, तो स्टेपनी नाहीच! तिच्या जागी हवा भरण्याचा लहान पंप आणि छिद्र बुजविणाऱ्या द्रवाची बाटली. परंतु टायर कडेला फाटलेला. तेथे ही बाटली निरुपयोगी. गाडी ओढून नेणारे वाहन येईतो सूर्य मावळला. भगिनींनी पाण्याचा घोटही न घेता रात्र काढली. दुसऱ्या दिवशी नवकारशीनंतरच पाणी घेतले. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, हेच आम्हांस अधिक बोचले.

‘स्टेपनी’ हा शब्द मुळात एका रस्त्याच्या नावावरून आला. वेल्समधील लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास जादा चाक विक्रीस आणले. तत्पूर्वी चालकास रस्त्यातच टायर उतरवून दुरुस्त करावा लागे. आपल्याकडे मात्र जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने मोटार नियमांत दुरुस्ती केली. चालकासह नऊ आसनांपर्यंतच्या व साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीस ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असेल, तर स्टेपनी सक्तीची राहिली नाही. विजेच्या गाड्यांत बॅटरीस अधिक जागा मिळावी, हा त्यामागील एक हेतू. तेव्हा दोष गाडीचा नव्हे, आमच्या गाफीलपणाचा.

चाक बसल्यास एकदम ब्रेक दाबू नये. वेग हळूहळू कमी करून गाडी डाव्या कडेस, सपाट जागी घ्यावी. चारही दिवे लुकलुकते ठेवावे, परावर्तक त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर मांडावा आणि मंडळींस रस्त्यापासून दूर उभे करावे. चाकाच्या तळव्यात लहान खिळा असेल, तर तो उपटू नये. द्रव व हवा भरून सावकाश जवळचे दुकान गाठावे. कड फाटली असेल, तर गाडी मुळीच चालवू नये. रिमही वाया जाते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मागता येते.

मुनिमाने लिहिलेला ताळेबंद आपण स्वतः तपासतो. तद्वतच प्रवासास निघण्यापूर्वी डिकी उघडून पाहावी. बाटलीची मुदत वाचावी, पंप एकदा चालवून पाहावा आणि घरात वृद्ध मंडळी असतील, तर जुळणारे जादा चाक विकत घेऊन ठेवावे. आम्ही ते घेतले आहे. परंतु भगिनींच्या त्या रात्रीनंतर.