बुडबुड्यांचे घरटे
पक्षी घरटे बांधतात, हे आपण जाणतोच. पण गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील संथ पाण्यात राहणारा दोन-तीन इंचांचा ड्वार्फ गुरामी मासाही घरटे बांधतो, आणि तेही नर! त्याच्या अंगावर तांबड्या-निळ्या तिरप्या पट्ट्या असतात. पाठीवरचा पर टोकदार असतो. मादी फिकट रुपेरी. तिचा पर गोलसर.

नर तोंडाने बुडबुडे सोडून त्यांत पाणवनस्पतींचे तुकडे गुंफतो. पाणी ढवळले की घरटे मोडते, म्हणून पंप मंद ठेवावा. अंडी तरंगत घरट्यात जातात. एक-दोन दिवसांत पिले निघतात. राखणदार नर मादीलाही शत्रू समजून हाकलतो. लहान टाकीत ती पळणार कोठे? अंडी घालताच तिला वेगळी काढावी. पिले मोकळी पोहू लागली की नरालाही हलवावे. नाहीतर राखणदारच त्यांना गिळायचा!