तिसऱ्या भागातला माणूस

टोळीत पेरलेला पोलीस आणि पोलिसांत पेरलेला टोळीवाला. ‘इन्फर्नल अफेअर्स’ या हाँगकाँगच्या चित्रत्रयीचा डोलारा या दोन माणसांवर उभा आहे. पहिला भाग २००२ च्या डिसेंबरात आला, दुसरा आणि तिसरा २००३ मध्ये. पहिल्यावरून मार्टिन स्कॉर्सेसीने ‘द डिपार्टेड’ केला आणि ऑस्कर नेला. हे वाचकांना ठाऊक आहेच. मला सांगायचे आहे ते तिसऱ्या भागाबद्दल. तो बहुतेकांना गोंधळाचा वाटला, मला मात्र तिन्हींत तोच खरा वाटतो.

पेरलेल्या माणसांच्या गोष्टींचे वेड मला लागले ते हाँगकाँगमुळे नव्हे. यवतमाळला दत्त चौकाजवळच्या व्हिडिओच्या दुकानातून आणलेल्या कॅसेटवर गोविंद निहलानींचा ‘द्रोहकाल’ (१९९४) पाहिला तेव्हापासूनचे ते आहे. आमचा जिल्हा पैनगंगेच्या काठचा, पलीकडे आदिलाबाद, पूर्वेला चंद्रपूर आणि त्यापुढे गडचिरोली. ‘खबऱ्या’ हा शब्द इकडे कुणी हसत उच्चारत नाही. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी किती गावकरी मारले, ते आम्ही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात वाचत आलो. हेराच्या गोष्टीतली मजा त्यामुळे माझ्यापुरती लवकर संपली आणि तो माणूस तेवढा उरला.

मराठी मनाला हेर आवडतो तो शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांसारखा. सुरतेची खबर आणणारा, जालन्याच्या स्वारीनंतर आडवाटेने सैन्य सुखरूप पट्टा किल्ल्याला पोचवणारा. सभासदाच्या बखरीत त्याची शाबासकी आहे. वेषांतराने त्याच्या मनाचे काय केले, हे बखरकाराने विचारले नाही. बखरीचे ते कामही नव्हते. पण पुढे कादंबऱ्या आणि नाटके लिहिणाऱ्या आपल्या लोकांनीही ते फारसे विचारले नाही, याची मला खंत वाटते.

निहलानींनी विचारले. ‘आक्रोश’ (१९८०), ‘अर्ध सत्य’ (१९८३) आणि ‘द्रोहकाल’ हे तीन चित्रपट मी एकाच त्रयीचे भाग मानतो. त्यांतली कथानके वेगळी, पात्रे वेगळी. पण तिन्हींत ओम पुरी आहेत आणि तिन्हींत राज्ययंत्रणा माणसाला कुठवर दाबू शकते याचीच मोजणी चालली आहे. पहिल्या दोहोंच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या. ‘अर्ध सत्य’ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, आणि चित्रपटातली कविता दिलीप चित्र्यांची. म्हणजे हिंदी पडद्यावरचा तो फौजदार अनंत वेलणकर आधी मराठी साहित्यात जन्मला. पानवलकरांचे नाव आज किती वाचकांना आठवते? कमी लिहिणारा, शब्द जपून वापरणारा हा कथाकार. त्याच्या एका कथेतून भारतीय पडद्यावरचा सर्वांत प्रामाणिक पोलीस उभा राहिला, एवढ्यासाठी तरी त्याला पुन्हा वाचले पाहिजे.

वेलणकर शेवटी रामा शेट्टी या गुंडाला मारतो आणि स्वतःच पोलिसांच्या हवाली होतो. त्याला निदान चिडता येते. ‘द्रोहकाल’मधल्या अभय सिंग या पोलीस अधिकाऱ्याला (ओम पुरी) तेही करता येत नाही. तो आणि अब्बास लोधी (नसीरुद्दीन शाह) दहशतवादी टोळीत आपली माणसे पेरतात. टोळीचा म्होरक्या कमांडर भद्रा पकडला जातो, आणि इथून चित्रपट उलटा फिरतो. चौकशीच्या खोलीत बसलेला कैदी चौकशी करणाऱ्यालाच पोखरू लागतो. प्रत्येक माणूस कुठेतरी मोडतोच, फक्त ती जागा सापडली पाहिजे, असा भद्राचा सिद्धांत आहे. अभयची ती जागा त्याच्या घरात आहे. बायकोमुलाच्या जिवापायी तो भद्राचा माणूस होतो. ज्याने हेर पेरले तोच शत्रूचा हेर बनतो. आशिष विद्यार्थींना भद्रासाठी सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. त्यांचा आवाज चढत नाही, म्हणून अधिक भीती वाटते.

आता हाँगकाँगकडे. पहिल्या भागात लाऊ हा पोलिसांत पेरलेला टोळीवाला सहीसलामत सुटतो आणि टोळीत पेरलेला पोलीस यान मरतो. चीनच्या मुख्य भूमीवर दाखवण्यासाठी वेगळा शेवट जोडला गेला. त्यात लिफ्टच्या दारातच लाऊला अटक होते. गुन्हेगार सुटता कामा नये, हा तिथला दंडक. वरवर ही न्यायाची बाजू वाटते. माझ्या मते मात्र या शेवटाने लाऊला स्वस्तात सोडले. बेड्या पडल्या की गोष्ट मिटते. तिसऱ्या भागाने मूळ शेवट धरला आणि ती मिटू दिली नाही.

या भागात लाऊला कुणी पकडत नाही. पोलीस खात्यात आपल्या जुन्या टोळीचा आणखी एक माणूस उरला आहे, या संशयाने तो येऊंग या अधिकाऱ्याच्या मागे लागतो. चांगला पोलीस व्हायची त्याची इच्छा खोटी नाही. हळूहळू तो स्वतःलाच यान समजू लागतो. ज्याच्या मृत्यूवर आपली सुटका उभी राहिली, त्याचेच आयुष्य तो अंगावर चढवतो. सर्वांसमोर पुरावा म्हणून ध्वनिफीत लावतो, आणि तिच्यातून त्याचाच आवाज ऐकू येतो. येऊंगला तो गोळी घालतो, मग स्वतःला, पण मरत नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्या देहाचे बोट तेवढे मोर्स संकेतात ठकठकत राहते. ही पहिल्या भागातली यानची भाषा.

मूळ चिनी नावात बौद्धांच्या अवीची नरकाचा उल्लेख आहे, जिथे यातनेला खंड नाही. आपल्या भागवतातही अवीची आहे, आणि तो खोटी साक्ष देणाऱ्यांसाठी राखलेला आहे. लाऊचे अवघे आयुष्य ही एक लांबलेली खोटी साक्षच होती.

स्कॉर्सेसीने हा भाग घेतला नाही. त्याच्या चित्रपटात लाऊच्या जागच्या माणसाला शेवटी गोळी लागते, आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. कसब मोठे आहे, तरी धाडस मला हाँगकाँगच्या तिसऱ्या भागात दिसते, आणि त्याच्या नऊ वर्षे आधीच्या ‘द्रोहकाल’मध्ये. दोन्हींनी दुसऱ्याच्या घरात पेरलेल्या माणसाला जिंकू दिले नाही, आणि सुखाने मरूही दिले नाही.

‘द्रोहकाल’ची तमिळ आवृत्ती ‘कुरुतिपुनल’ १९९५ मध्ये पी. सी. श्रीराम यांनी कमल हासनला घेऊन केली. एकही गाणे नाही, आणि भारताने ती ऑस्करसाठी पाठवली. तिच्या शेवटी फुटलेला अधिकारी म्होरक्याला संपवतो. मग टोळीत पेरलेल्या आपल्याच पोलिसाच्या हातून तो गोळी घेतो, त्या पोलिसाचे सोंग टिकावे म्हणून. आपल्या साहेबावर गोळी झाडून टोळीतच मागे राहिलेल्या त्या तरुण पोलिसाचे पुढे काय झाले, यावर अजून चित्रपट यायचा आहे. तो मराठीत आला तर त्याची सुरुवात करायला पानवलकरांची भाषा पुरेशी आहे.