गांजावरील कर आणि चोरटा बाजार

गांजाच्या विक्रीस कायद्याने मान्यता दिली की त्याचा चोरटा बाजार आपोआप नाहीसा होतो, ही समजूत अपुरी आहे. तो बाजार किती आकसेल हे कराचा दर, दुकानांची उपलब्धता आणि परवान्याच्या अटी यांवर ठरते.

भांगेच्या झाडापासून तीन पदार्थ मिळतात: पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. भारतात ही विभागणी अबकारी व्यवहारात पूर्वापार रुळलेली आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही गांजा व चरस निषिद्ध ठरवताना भांगेची पाने व्याख्येबाहेर ठेवली. करविषयक प्रश्नाचा पहिला सखोल विचारही येथेच झाला, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली १८९३ साली नेमलेल्या आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या. सात सदस्यांपैकी तिघे भारतीय होते. सरसकट बंदीऐवजी परवान्याने लागवड, मर्यादित दुकाने, बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा आणि पुरेसा कर, अशी शिफारस त्या आयोगाने १८९४ मध्ये केली.

आधुनिक काळात उरुग्वेने २०१३ साली कायदा केला आणि २०१७ पासून नोंदणीकृत नागरिकांना औषधांच्या दुकानांतून अल्प दरात गांजा देण्यास आरंभ केला. कॅनडाचा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमलात आला. तेथे केंद्र व प्रांत यांचे मिळून उत्पादनशुल्क ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते आकारले जाते. प्रारंभी कायदेशीर माल महाग होता. २०१९ च्या अखेरीस त्याची सरासरी किंमत ग्रॅमला सुमारे १०.३० डॉलर होती, तर चोरट्या मालाची ५.७३. दुकानेही विरळ होती. ओंटॅरिओसारख्या सर्वाधिक लोकसंख्येच्या प्रांतात एप्रिल २०१९ पासून सोडतीने निवडलेल्या अवघ्या २५ दुकानांना वाव देण्यात आला. साहजिकच जुना विक्रेता आपले गिऱ्हाईक राखून होता. पुढे दुकाने वाढली, दर उतरले आणि २०२० मध्ये कायदेशीर खरेदीने बेकायदा खरेदीला मागे टाकले. मात्र घाऊक किंमत घसरत गेली तरी एक डॉलरचे शुल्क तेवढेच राहिले. त्यामुळे त्याचा भार वाढला आणि अनेक उत्पादकांकडे शुल्क थकले.

यामागील अर्थशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. बंदीच्या काळात विक्रेता अटकेच्या जोखमीची किंमत मालावर लावतो. मान्यता मिळताच माल बाळगणे गुन्हा राहत नाही. गिऱ्हाईकाजवळचा माल कुठून आला हे ओळखणे पोलिसांना अवघड होते, आणि चोरट्या विक्रेत्याची जोखीमही घटते. त्याला ना कर, ना प्रयोगशाळेतील तपासणी, ना परवान्याचे शुल्क. शुद्धतेची हमी, उघड व्यवहार आणि जवळचे दुकान हीच परवानाधारकाची बलस्थाने. करामुळे किमतीत फार अंतर पडले तर तीही थिटी पडतात.

कॅलिफोर्नियात याचा प्रत्यय ठळकपणे आला. तेथे २०१६ साली मतदारांनी कौल दिला आणि १ जानेवारी २०१८ पासून विक्री सुरू झाली. किरकोळ विक्रीवर १५ टक्के शुल्क, सुकलेल्या फुलोऱ्यावर औंसामागे ९.२५ डॉलर लागवड कर, शिवाय विक्रीकर आणि स्थानिक कर, असे थर एकावर एक चढले. दुकानांना मज्जाव करण्याचा अधिकार शहरांना होता व बहुसंख्य शहरांनी तो वापरला. परवाना नसलेली दुकाने फोफावली. संघराज्याच्या कायद्यानुसार गांजा राज्याबाहेर नेणे गुन्हाच असल्याने, बंदी असलेल्या राज्यांकडे चोरट्या मार्गाने जाणारा मालही थांबला नाही. चोरट्या शेतांवर छापे घालणे आवश्यकच होते. पण कायदेशीर दुकान परवडत नसताना केवळ छाप्यांनी गिऱ्हाईक वळत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. अखेर लागवड कर जुलै २०२२ मध्ये रद्द झाला. जुलै २०२५ मध्ये किरकोळ विक्रीवरील शुल्क १९ टक्क्यांवर नेण्यात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ते पुन्हा १५ टक्के करण्यात आले.