वेग आहे, मजकूर नाही

शासकीय सेवेत लिपिक-टंकलेखक व्हावयाचे तर मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटास किमान 30 शब्द, अथवा इंग्रजीचा 40, असावा लागतो. त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. वाशीतील आमच्या वर्गातही ती उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आहेत. त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. परंतु परवा त्यांतील एकास रखडलेल्या शिष्यवृत्तीबद्दल अर्ज करावयास सांगितले, तेव्हा कळफलकावर त्याची बोटे थबकली. समोर उतारा नव्हता! रक्कम किती, कोणत्या वर्षाची, कोठे अडली, हे त्याला मांडता येईना. आणि पैसे तर त्याचेच होते.

दोष मुलाचा नव्हे. गोदरेजने 1955 साली पहिले भारतीय टंकयंत्र तयार केले, त्या काळी साहेब मजकूर सांगत व टंकलेखक तो उतरवून काढी. श्रमविभागणी चोख होती. आज नक्कल संगणक क्षणात करतो. उरले ते मजकूर रचण्याचे काम, आणि नेमके तेच आपण शिकवीत नाही. अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांतही पाठ केलेली टिपणेच उतरतात, हे मीही कबूल केले पाहिजे. यंदा आठवड्याचा एक तास मी राखून ठेवला आहे: उतारा न घेता घरच्या एखाद्या खऱ्या तक्रारीचा अर्ज टंकावयाचा. शिष्यवृत्तीचा तो अर्ज चौथ्या खेपेस एका पानात बसला.