भाड्याच्या जागेतली मायबोली

परदेशी गेलेल्या माणसाची पहिली अडचण पैशाची असते, असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर जे सुशिक्षित मराठी लोक तिकडे गेले, त्यांना पैशापेक्षा बोलण्याची चणचण अधिक जाणवली असावी. ट्रंक कॉल परवडत नसे, पत्राचे उत्तर यायला महिना उलटे, आणि मराठी शेजार मिळेल अशी वस्ती मोजक्याच शहरांत. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, गावोगावची मंडळे एकत्र आली. तथापि मंडळ म्हणजे गणपती, दिवाळी आणि संक्रांत. उरलेल्या दिवसांची सोय झाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, विद्यापीठांच्या संगणककक्षांत.

१९७९-८० च्या सुमारास तेथील दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी ‘युजनेट’ नावाची व्यवस्था उभारली. एका संगणकाने दुसऱ्याला टेलिफोनवरून गाठायचे आणि जमलेले संदेश पुढे सरकवायचे, एवढाच तो मामला. एका चावडीवरच्या फलकाची नक्कल रातोरात शेकडो गावांच्या चावड्यांवर लागावी, तसा. त्यात भारतीय संस्कृतीची एक स्वतंत्र चावडी ऐंशीच्या दशकात निघाली आणि पुढे मराठीचीही निघाली. गंमत अशी की, ज्यांच्या आठवणीने हे लोक व्याकूळ होत ती घरची माणसे या चावडीवर नव्हतीच. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर येथील निवडक शिक्षणसंस्थांपलीकडे ते पोचलेले नव्हते. म्हणजे हा संवाद मायदेशाशी नव्हता, तो परदेशस्थांचा आपापसांतला होता. नागपूरचा, सांगलीचा, डोंबिवलीचा माणूस, जे इकडे कधी भेटले नसते, ते तिकडे एकमेकांशी हुज्जत घालू लागले.

हुज्जत मराठीत घालायची तर लिपी कोठे होती? यंत्राला रोमन अक्षरेच कळत. अविनाश चोपडे यांनी १९९१ मध्ये ‘आयट्रान्स’ ही पद्धत तयार केली. तीत धाकट्या ‘टी’ने त आणि थोरल्या ‘टी’ने ट लिहायचा, ‘एन’च्या दोन रूपांनी न आणि ण वेगळे करायचे. असा मजकूर देवनागरीत छापूनही घेता येई. पडद्यावर मात्र तो रोमनमध्येच वाचावा लागे, आणि लोक तो हौसेने वाचत. देवनागरी पडद्यावर आल्यानंतरही बरीच वर्षे ज्याचा त्याचा टंक वेगळा असे. तो आपल्या यंत्रावर नसला की, पानभर नुसती चिन्हे दिसत.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे सारे फुकट होते. अर्थशास्त्र या शब्दाकडे संशयाने पाहते. टेलिफोनचे बिल विद्यापीठ भरत होते, यंत्रे विद्यापीठाची होती, आणि उरलेला खर्च कोणा हौशी माणसाच्या झोपेतून वसूल होत होता. खर्च ज्याचा, जागा त्याची. हे सारे भाड्याचे बिऱ्हाड होते. भाडे मागितले जात नव्हते, एवढेच.

याचा प्रत्यय पुढे आला. १९८१ ते १९९१ या काळातले युजनेटवरील संदेश आज वाचता येतात, याचे श्रेय कोणा अभिलेखागाराचे नाही. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर या कर्मचाऱ्याने १४१ चुंबकीय फिती फेकून दिल्या नाहीत, म्हणून ते उरले. असा माणूस दर ठिकाणी भेटत नाही. पुढे अनेक गटांनी याहू कंपनीच्या आयत्या जागेत बिऱ्हाडे थाटली. कंपनीने २०१९ मध्ये तेथील साठवलेला मजकूर पुसण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०२० मध्ये दुकानच बंद केले. सदस्यांना मुदत दिली होती, हे खरे. परंतु वीस वर्षांपूर्वीच्या सदस्याचा पत्ता बदललेला, परवलीचा शब्द विस्मृतीत. मुदतीची नोटीस वाचणार कोण?

ज्यांनी स्वतःचे छप्पर घातले त्यांची कथा वेगळी आहे. १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू केले. (इस्राएलमधल्या बेने इस्रायली मराठी भाषकांच्या नियतकालिकाचे नावही हेच असावे, यातच त्या नावाची ओढ दिसते.) स्वतःचे नाव, स्वतःचा पत्ता आणि स्वयंसेवकांची फळी यांमुळे तेथले ‘हितगुज’ टिकले आणि जुने लेखनही राहिले. गोव्याच्या लोकांसाठी त्याआधी दोन वर्षे, १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या हर्मन कार्नेरो या तरुण विद्यार्थ्याने सुरू केलेली ‘गोवानेट’ ही टपालयादीही अशीच पदरमोडीवर तगली. ही उदाहरणे अभिमानाची आहेत. पण एखाद्या समाजाचे दप्तर काही व्यक्तींच्या चिकाटीवर सोपवणे हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येत नाही.

आजोबांची पत्रे ट्रंकेत सापडतात, कारण कागद राखण्याला खर्च नसतो. तो पडून राहतो. संगणकावरचे लेखन पडून राहत नाही. दर काही वर्षांनी ते नव्या यंत्रावर, नव्या संकेतांत उतरवावे लागते. रोमन अक्षरांतले ते मराठी देवनागरीत आणणे आज यंत्राला क्षणाचे काम आहे. अडचण मजकूर गोळा करण्याची आहे. त्यातला बराचसा ज्यांच्या जुन्या तबकड्यांवर आणि बंद पडलेल्या यंत्रांवर असण्याचा संभव आहे, ते त्या वेळचे विद्यार्थी आता साठीच्या आसपास आले आहेत, आणि निवृत्तीनंतर लहान घरात जाताना अडगळ आधी टाकली जाते.