क्रांती चौकातील उत्सव आणि वस्त्यांमधील तालमी

जालना रोड आणि पैठण गेटकडून उस्मानपुऱ्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तो क्रांती चौक छत्रपती संभाजीनगरच्या सार्वजनिक जीवनाचा मध्यबिंदू मानला जातो. १८५७ च्या जूनमध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या सैन्याच्या, येथील घोडदळाने उठाव केला. तो मोडण्यासाठी पुण्याकडून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि पकडलेल्या शिपायांना देहदंड देण्यात आला. चौकानजीकचा काळा चबुतरा त्या हौतात्म्याची जागा म्हणून ओळखला जातो. याच चौकातून ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या नव्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. शिवजयंतीला पुतळ्याभोवती ढोल-ताशांचा आणि लेझमीचा गजर होतो, तर आंबेडकर जयंतीला, १४ एप्रिल रोजी, भडकल गेटसमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याकडे जाणाऱ्या मिरवणुकांमध्ये भीमगीते दुमदुमतात. चौकात हे सारे काही तासच दिसते. त्याची घडण मात्र कित्येक आठवडे आधीपासून वस्त्यांच्या गल्लीबोळांत आणि मोकळ्या मैदानांवर चाललेली असते. रहिवाशांनी स्वतः उभारलेल्या कलेचा विचार करायचा तर तो या घडणीपासूनच केला पाहिजे.

या घडणीचा कणा म्हणजे मंडळ. गल्लीतील रहिवासी एकत्र येतात, अध्यक्ष व खजिनदार निवडतात, घरोघर आणि दुकानोदुकानी वर्गणी गोळा करतात आणि उत्सवासाठी ती जमा करण्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून परवानगी घेतात. वर्गणी हा केवळ पैशाचा व्यवहार नव्हे. ज्याने थोडी का होईना रक्कम दिली, त्याला देखावा कसा असावा, पथकात कोणाच्या मुलीला घ्यावे, हिशेब का जुळत नाही, असे विचारण्याचा अधिकार मिळतो. आणि शेजारी राहूनही एरवी न बोलणारी माणसे या विचारण्यातून एकमेकांच्या ओळखीची होतात. बाहेरच्या संस्थेने किंवा शासनाने आखून दिलेल्या महोत्सवात रहिवासी प्रेक्षक असतो, मंडळात तो मालक असतो, आणि हा फरक कलेच्या दर्जाहूनही महत्त्वाचा आहे.

मराठवाड्यात या परंपरेला एक वेगळी धार आहे. निजामी राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सार्वजनिक सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते, त्यामुळे राजकीय बोलण्याची वाट अरुंद झाली आणि गणेशोत्सव, त्यातील मेळे व वाचनालये यांनाच लोकजागृतीचे काम करावे लागले. मेळा म्हणजे गाणी आणि छोटे नाट्यप्रवेश सादर करणारा, बहुधा एकाच आळीतील मुलांचा संच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, तरी आपले म्हणणे गाण्यातून व नाटकातून मांडण्याची सवय लोकांत रुजलेली राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात या सवयीला सर्वांत मोठे बळ मिळाले ते शहरातील नागसेनवन परिसरात. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक विद्यार्थ्यांनी उभे केले आणि १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेसाठी जमलेल्या अफाट जनसमुदायापुढेही ते सादर झाले. ज्यांच्या आईबापांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, ती मुले रंगमंचावर उभी राहून आपल्या समाजाचा इतिहास सांगत होती. दलित रंगभूमी या नावाने पुढे जी नाट्यचळवळ ओळखली गेली, तिच्या उगमाशी हे नाटक आहे. याच परिसरात प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक वाढले. हौशी, म्हणजे पोटापाण्याचा उद्योग सांभाळून केलेल्या, रंगभूमीचाही शहराला मोठा वारसा आहे: ‘जिगीषा’ संस्थेतून घडलेले प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी हे अनुक्रमे लेखक व दिग्दर्शक म्हणून पुढे मुंबईत ‘चारचौघी’सारख्या नाटकाने सर्वज्ञात झाले.

आज या कलेपुढे दोन अडचणी आहेत. पहिली भाड्याच्या आवाजाची. ढोल शिकायला महिने लागतात, चुकणाऱ्याला सांभाळून घ्यावे लागते, सरावाला वेळेवर यावे लागते. ध्वनिक्षेपकांची भाड्याची भिंत मात्र पैसे मोजले की दारात उभी राहते. तिचा त्रास आजारी माणसांना व तान्ह्या मुलांना होतो, हे नुकसान उघडच आहे. परंतु तिच्यामुळे वस्तीतील मुलांना एकत्र शिकण्याचे कारणच उरत नाही, हे नुकसान अधिक खोल आहे.

दुसरी अडचण जागेची आहे आणि ती अधिक मूलभूत आहे. क्रांती चौकापासून जवळच, उस्मानपुऱ्यात महापालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर आहे. पण मोठे नाट्यगृह प्रयोगासाठी असते, तालमीसाठी नव्हे. तालीम रोज संध्याकाळी, चालत जाता येईल अशा ठिकाणी आणि जवळपास विनामूल्य व्हावी लागते. अशा हक्काच्या जागेचे महत्त्व सांगणारे एक उदाहरण आहे: अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीत १९९३ साली ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा तेथील कलावंतांनी ओळीने उभी असलेली २२ जुनी घरे हाती घेतली आणि त्यांतील काही कलेसाठी, तर काही एकट्या मातांच्या निवाऱ्यासाठी ठेवली. तो उपक्रम टिकण्यामागे हक्काच्या जागेचा वाटा मोठा आहे.

छत्रपती संभाजीनगरात अशी घरे शोधत बसण्याची गरज नाही. महापालिकेच्या शाळांचे वर्ग आणि पटांगणे सायंकाळी रिकामी असतात. ती नाममात्र अनामतीवर, स्वच्छतेची हमी घेऊन आणि वर्षभरासाठी वस्तीतील नाट्यसंस्था, ढोलपथके, भजनी मंडळे व शाहिरी पथके यांना द्यावीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे आणि ही मागणी मांडण्याचे योग्य ठिकाण तेच आहे. पुतळ्यांसाठी आणि रस्त्यांसाठी ज्या आग्रहाने शिष्टमंडळे जातात, त्याच आग्रहाने प्रत्येक मंडळाने येत्या उत्सवापूर्वी आपल्या प्रभागातील एका शाळेच्या वर्गासाठी किंवा पटांगणासाठी लेखी अर्ज करावा.