नुसत्या भाकरीने वजन उतरते का?

वजन कमी करायचे म्हणून पोळी बंद केली, दोन महिने ज्वारीची भाकरी खाल्ली, तरी काटा हलत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. भाकरी पचवताना चरबी जळते, अशी त्यांची समजूत असते. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते भाकरीबाबत नव्हे.

अन्न पचवायलाही शरीराला ऊर्जा खर्च करावी लागते. पाचक रस तयार करणे, अन्नाचे घटक शोषून घेणे, यकृतात त्यांचे रूपांतर करणे ही सगळी कामे फुकट होत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स रुबनर यांनी शंभर वर्षांपूर्वीच या खर्चाचा अभ्यास केला होता. प्रथिनांतून 100 उष्मांक (कॅलरी) मिळाले, तर त्यांतील 20 ते 30 पचनातच संपतात. पिष्टमय पदार्थांत हा खर्च 5 ते 10 आणि तेला-तुपात जेमतेम 3 पर्यंत असतो. म्हणजे तेल जवळजवळ पुरते अंगी लागते!

आता भाकरीकडे वळू. ज्वारीचे पीठ काय किंवा गव्हाचे काय, 100 ग्रॅमला 320 ते 350 उष्मांक देते. दोन्ही मुख्यतः पिष्टमय, त्यामुळे पचनाचा खर्चही सारखाच. भाकरीचा फायदा वेगळा आहे. तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि पोट लवकर भरते. कडक भाकरी तर घाईने खाताच येत नाही. मात्र तीन भाकरींबरोबर तेलाचा तवंग असलेली आमटी ओरपली, तर हा फायदा उरत नाही.

आपल्या शेंगाचटणीचे उदाहरण घ्या. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर, पण निम्म्याच्या आसपास तेल. 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास उष्मांक. अख्खे दाणे खाल्ले तर त्यांतील काही तेल न शोषले जाता शौचावाटे निघून जाते, हे अमेरिकेत 1980 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. दाणे बारीक वाटले की पेशी फुटतात आणि तेल सहज शोषले जाते. उखळात कुटून तेल सुटलेली चटणी म्हणूनच चवीला उत्तम. पण ती चमचाभरच घ्यावी, वाटीभर नव्हे.

मग प्रथिने वाढवली तर? बार्शीच्या बाजारात तुरीला तोटा नाही. 100 ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. मटकी, हुलगा, अंडी, ताक हेही आहेच. पण हिशोब करून पाहा. पिष्टमय पदार्थांऐवजी रोज 25 ग्रॅम प्रथिने जास्त घेतली, तर पचनाचा वाढीव खर्च 10 ते 25 उष्मांक. छोटा चमचाभर तेल 45 उष्मांक देते. म्हणजे फोडणीत हात सैल सुटला की कमाई गेली. प्रथिनांचा खरा उपयोग असा, की भूक लवकर लागत नाही आणि वजन घटताना स्नायू टिकतात.

भगवंताच्या या गावात एकादशी करणारे पुष्कळ. श्रद्धेचा उपवास जरूर करावा, पण वजनासाठी साबुदाण्याच्या खिचडीवर भिस्त ठेवू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप आणि दाण्याचा कूट. याउलट काहीजण दिवसेंदिवस उपाशीच राहतात. त्याने स्नायू झिजतात, शरीर काटकसर करू लागते, विश्रांतीतला ऊर्जाखर्च घटतो आणि जेवण सुरू होताच वजन परत येते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. रक्तातील साखर एकदम उतरून घाम, थरथर, बेशुद्धी येऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही डाळी, अंडी आपल्या मनाने वाढवू नयेत. बाकीच्यांनी आठवडाभर घरातील तेलाची किटली मोजून वापरावी आणि ताटातील एक भाकरी कमी करून तिच्या जागी वाटीभर उसळ व कोशिंबीर घ्यावी.